इंग्रजी बोलता-लिहिताना कुठे अडते? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मराठी माणसाच्या इंग्रजीतल्या बहुतेक चुकांचे मूळ त्याच्या चांगल्या मराठीत सापडते. मराठीत जे अगदी बरोबर आहे, तेच जसेच्या तसे उचलून इंग्रजीत ठेवले की बिघडते. गंमत अशी, की बऱ्याच अडचणींवरचा उपायही मराठीतच आहे, आणि बाराखडी येणाऱ्याला तो फुकट मिळतो. खालची इंग्रजी उदाहरणे मुद्दाम देवनागरीत दिली आहेत. का ते तिसऱ्या प्रश्नात कळेल.

‘आय डिड नॉट वेन्ट’ हे चुकीचे आहे हे माहीत असूनही तोंडातून का निसटते?

‘मी गेलो नाही’ या वाक्यात भूतकाळ ‘गेलो’मध्ये आहे. ‘नाही’ नुसते नकार देते. इंग्रजीत ‘डिड’ आला की तो भूतकाळ स्वतःकडे ओढून घेतो आणि क्रियापद मूळ रूपात परत जाते : ‘आय डिड नॉट गो’. ‘गेलो’ डोक्यात असताना ‘वेन्ट’ येणारच. एका वाक्यात भूतकाळ एकदाच, एवढे लक्षात ठेवले तरी पुरते. प्रश्नालाही हेच लागू : ‘डिड यू सी?’, ‘डिड यू सॉ?’ कधीच नाही.

प्रश्नांत आणखी एक खोच आहे. मराठीत ‘तू कुठे जातोस’ याचा प्रश्न करायला शब्द हलवावे लागत नाहीत, म्हणून ‘व्हेअर यू आर गोइंग?’ होते. हवे ‘व्हेअर आर यू गोइंग?’ हा नियम एकदा अंगवळणी पडला की माणसे उलटी घसरतात आणि ‘टेल मी व्हेअर आर यू गोइंग’ म्हणू लागतात. प्रश्न दुसऱ्या वाक्याच्या पोटात गेला की शब्द पुन्हा सरळ होतात : ‘टेल मी व्हेअर यू आर गोइंग’.

‘डोन्ट यू वॉन्ट टी?’ याला ‘येस’ म्हणायचे की ‘नो’?

‘तुला चहा नको का?’ ‘हो, नको.’ आपण समोरच्याच्या म्हणण्याला ‘हो’ म्हणतो. इंग्रजीत ‘येस’ आणि ‘नो’ प्रश्नाकडे बघत नाहीत, तुमच्या उत्तराच्या उरलेल्या भागाकडे बघतात. उत्तरात ‘नॉट’ असेल तर सुरुवात ‘नो’ने : ‘नो, आय डोन्ट’. चहा हवा असेल तर ‘येस, आय डू’. नुसते ‘येस’ म्हणून थांबलात तर कप तुमच्यापुढे येईल. शंका असेल तेव्हा एका शब्दात उत्तर देऊच नका.

‘डू यू माइंड इफ आय ओपन द विंडो?’ हा प्रश्न मात्र मराठीसारखाच आहे : ‘तुमची हरकत आहे का?’ संमती द्यायची तर ‘नो’. तरी कितीतरी जण हसतमुखाने ‘येस, येस’ म्हणतात, म्हणजे शब्दशः हरकत घेतात.

‘अ’ कुठे आणि ‘ॲन’ कुठे?

शाळेत ‘ए, ई, आय, ओ, यू’ घोकून घेतात आणि तिथेच घोळ होतो, कारण हा नियम अक्षराचा नाही, उच्चाराचा आहे. यावर देवनागरीइतके चांगले साधन नाही. पुढचा शब्द देवनागरीत लिहून बघा. पहिले अक्षर स्वर असेल तर ‘ॲन’, व्यंजन असेल तर ‘अ’.

‘अवर’ म्हणजे तास : स्वर, म्हणून ‘ॲन अवर’. ‘युनिव्हर्सिटी’ : य, म्हणून ‘अ युनिव्हर्सिटी’. ‘वन-वे स्ट्रीट’ : व, म्हणून ‘अ वन-वे स्ट्रीट’. आद्याक्षरांनाही चालते : ‘ॲन एमबीए’, ‘ॲन एफआयआर’, ‘ॲन एक्स-रे’, पण ‘अ यूपीआय पेमेंट’. रोमन लिपीत एफ आणि एक्स व्यंजने दिसतात म्हणून लोक अडतात. देवनागरीत ‘ए’ समोरच असतो.

युक्तीला एक भोक आहे. वर्षासाठीचा इंग्रजी शब्द आपण ‘न्यू इयर’ असा स्वराने लिहितो, पण त्याचा इंग्रजी उच्चार ‘यिअर’ असा य-ने सुरू होतो. म्हणून ‘अ यिअर’. ‘ॲन इअर’ म्हटले की तो कान झाला.

‘द’चा उच्चारही याच कसोटीवर बदलतो : व्यंजनापुढे ‘द’, स्वरापुढे ‘दि’. ‘द बुक’, ‘दि ॲपल’, ‘दि अवर’, ‘द युनिव्हर्सिटी’.

आणि ‘द’ लावायचा कधी?

मराठीत उपपद नाही, त्यामुळे इथे अंदाजच चालतो. कामचलाऊ कसोटी : ऐकणाऱ्याला ‘कोणते?’ असे विचारावे लागणार नसेल तर ‘द’. ‘दार लाव’ म्हटल्यावर कोणते दार ते दोघांनाही माहीत असते, म्हणून ‘क्लोज द डोअर’. गावे आणि राज्ये ‘द’शिवाय : पुणे, महाराष्ट्र, गोवा. नद्या, समुद्र आणि डोंगररांगांना मात्र हवा : ‘द गोदावरी’, ‘दि अरेबियन सी’, ‘द वेस्टर्न घाट्स’. एकटे शिखर पुन्हा ‘द’शिवाय, म्हणून नुसते ‘कळसूबाई’.

‘सिन्स’ आणि ‘फॉर’ यांत नेहमी गोंधळ होतो. सोपी खूण आहे का?

आहे. मराठी वाक्यातला ‘पासून’ काढून पाहा. ‘मी दोन वर्षांपासून इथे काम करतो आहे’ यातून ‘पासून’ काढले तरी ‘मी दोन वर्षे इथे काम करतो आहे’ हे वाक्य उभे राहते, म्हणून ‘फॉर टू यिअर्स’. ‘मी २०१९पासून’ यातून काढले तर ‘मी २०१९ इथे काम करतो आहे’ असे लंगडे वाक्य उरते, म्हणून ‘सिन्स २०१९’. कालावधीला ‘फॉर’, आरंभबिंदूला ‘सिन्स’. क्रियापदही सांभाळा : ‘आय ॲम वर्किंग’ नव्हे, ‘आय हॅव बीन वर्किंग हिअर फॉर टू यिअर्स’.

‘आय हॅव कम यस्टरडे’ यात काय चुकले?

मराठीला ‘मी काल आलो आहे’ खुपत नाही. इंग्रजीत ‘हॅव’ असलेला काळ आणि ‘काल’, ‘गेल्या वर्षी’, ‘२०१५ मध्ये’ असे संपलेल्या वेळेचे शब्द एका वाक्यात नांदत नाहीत. वेळ सांगितली की साधा भूतकाळ : ‘आय केम यस्टरडे’. वेळ सांगायची नसेल तर ‘आय हॅव कम’ ठीक.

भविष्यकाळातही असेच. ‘मी पोहोचेन तेव्हा फोन करीन’ यात मराठी दोन्हीकडे भविष्यकाळ घालते. इंग्रजीत ‘व्हेन’च्या बाजूला ‘विल’ नको : ‘आय विल कॉल व्हेन आय रीच’.

‘आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स’ ऐकून लोक का हसतात?

‘आहे’ दिसला की आपण ‘ॲम’ लावतो आणि ‘ॲम’मागे ‘इंग’ ओढून आणतो. इंग्रजीत ‘इंग’ चालू कृतीला लागते. माहीत असणे, आवडणे, हवे असणे, मालकीचे असणे या स्थितींना लागत नाही. ‘आय नो’, ‘आय वॉन्ट’, ‘आय हॅव टू ब्रदर्स’. ‘आय ॲम हॅविंग लंच’ मात्र बरोबर, कारण तिथे ‘हॅव’चा अर्थ जेवणे असा होतो. वरच्या वाक्यावर हसू येते तेही त्यामुळेच.

कोणत्या क्रियापदामागे कोणता शब्द हे पाठच करायचे का?

सगळे नाही. मराठी प्रत्यय जिथे फसवतो तेवढी जागा ओळखली तरी निम्मे काम होते. ‘त्याला विचार’, ‘त्याला सांग’, ‘पुण्याला पोहोचलो’ यांतल्या ‘ला’मुळे ‘आस्क टू हिम’, ‘टेल टू हिम’, ‘रीच्ड टू पुणे’ होते. तिन्ही ठिकाणी ‘टू’ काढून टाका. ‘त्याविषयी चर्चा केली’ यातून ‘डिस्कस्ड अबाउट’ येते. ‘डिस्कस’च्या पोटात ‘विषयी’ आधीच आहे. ‘त्याच्यावर रागावली’ याचे ‘अँग्री ऑन’ होते, हवे ‘अँग्री विथ’. ‘त्याच्याशी लग्न’ याचे ‘मॅरीड विथ’ होते, हवे ‘मॅरीड टू’. ‘कोप अप विथ’मधला ‘अप’ आणि ‘रिटर्न बॅक’मधला ‘बॅक’ हे मात्र मराठीतून आलेले नाहीत. उगाच चिकटलेले आहेत.

जोडशब्दांतही हाच प्रकार. ‘जरी’ आला की ‘तरी’ यायलाच हवा ही आपली सवय, म्हणून ‘ऑल्दो इट वॉज रेनिंग, बट वी वेन्ट’. इंग्रजीत या दोघांपैकी एकच ठेवा.

‘टुमॉरो ओन्ली’ यातला ‘ओन्ली’ चूक आहे का?

तो ‘ओन्ली’ म्हणजे आपला ‘च’. ‘मी उद्याच येतो आहे’ यातला ‘च’ जोर देतो, पण इंग्रजीत ‘ओन्ली’ म्हणजे ‘फक्त’. परदेशी माणसाला ‘आय ॲम कमिंग टुमॉरो ओन्ली’ हे ‘मी फक्त उद्याच्या दिवसापुरता येतो आहे’ असे ऐकू येऊ शकते. इंग्रजीत ‘च’चे काम आवाज करतो : ‘टुमॉरो’वर जोर द्या, बस. ‘तूच म्हणालास’ हे मात्र शब्दांनी सांगता येते : ‘यू सेड सो युअरसेल्फ’. ‘च’ला एकच ठरलेला इंग्रजी शब्द नाही, आणि एवढ्याशा अक्षरात मावणारी इतकी सोय सोडवत नाही हे समजण्यासारखे आहे.

मामेभावाला इंग्रजीत काय म्हणायचे?

‘कझिन’. चुलतभाऊ, मामेभाऊ, आतेभाऊ, मावसभाऊ आणि या चारही बाजूंच्या बहिणी, सगळे ‘कझिन’. ‘कझिन ब्रदर’ भारतात सर्रास चालते, पण बाहेर तो शब्द ऐकणारा गोंधळतो. मामाचाच मुलगा हे सांगणे गरजेचे असेल तर ‘माय मदर्स ब्रदर्स सन’ असे उलगडावे लागते. साडू, दीर, मेहुणा तिघेही ‘ब्रदर-इन-लॉ’; अनेकवचनात एस पहिल्या शब्दाला : ‘ब्रदर्स-इन-लॉ’.

‘गिव्ह द एक्झाम’ का चालत नाही?

मराठीत विद्यार्थी परीक्षा देतो आणि शिक्षक घेतात. इंग्रजीत नेमके उलटे : विद्यार्थी ‘टेक’ करतो, शिक्षक ‘गिव्ह’ करतात. ब्रिटिश पद्धतीने ‘सिट ॲन एक्झाम’ असेही म्हणतात. ‘आय गेव्ह ॲन एक्झाम’ म्हटले तर समोरचा तुम्हाला मास्तर समजेल.

‘प्लीज’ लावूनही माझे इंग्रजी उद्धट वाटते, असे का?

‘पाणी द्या’ यात आदर ‘द्या’च्या रूपातच आहे, ‘दे’ म्हटले असते तर गोष्ट वेगळी. इंग्रजीत ‘तू’, ‘तुम्ही’, ‘आपण’ या सगळ्यांना एकच ‘यू’ आणि आज्ञार्थाचेही एकच रूप, त्यामुळे ‘गिव्ह मी वॉटर’ होताना सगळा आदर वाटेत सांडतो. ‘प्लीज’ने तो पुरता भरून येत नाही, ‘प्लीज सेंड द फाइल’ हा सौम्य हुकूमच राहतो. उपाय : आज्ञा सोडून प्रश्न करा. ‘कुड यू सेंड द फाइल?’ मराठीत आपण हेच करतो, ‘जरा पाणी द्याल का?’ अनोळखी किंवा वरिष्ठ माणसाशी आणखी एक पायरी मागे सरकायचे असेल तर क्रियापद भूतकाळात न्या : ‘आय वॉज वंडरिंग इफ यू कुड…’ इथे भूतकाळाचा वेळेशी काही संबंध नाही, तो फक्त अंतर राखतो.

ऑफिसच्या मेलमधले ‘प्रीपोन’, ‘रिव्हर्ट’, ‘डू द नीडफुल’ टाळावेत का?

मेल कोणाला जातो ते बघा. ‘प्रीपोन’ची नोंद ऑक्सफर्डच्या शब्दकोशांनीही भारतीय वापर म्हणून घेतली आहे आणि शब्द नेटका आहे, भारतात बिनधास्त वापरा, बाहेर ‘ब्रिंग फॉरवर्ड’ लिहा. ‘डू द नीडफुल’ ही ब्रिटिश कचेऱ्यांची जुनी भाषा. तिकडे ती मागे पडली, आपल्याकडे टिकली. त्याऐवजी नेमके काय हवे ते लिहिले तर कामही लवकर होते. ‘रिव्हर्ट’चा मूळ अर्थ पूर्वस्थितीला जाणे. ‘उत्तर देणे’ हा अर्थ आपल्याकडे रूढ आहे, पण परदेशी सहकाऱ्याला ‘रिप्लाय’ लिहिलेले बरे. ‘पास्ड आउट इन २०१८’ हे बायोडेटात तर नकोच. सैनिकी शिक्षणात ‘पासिंग आउट परेड’ असते, खडकवासल्याच्या प्रबोधिनीतही होते. पण रोजच्या इंग्रजीत ‘पास आउट’ म्हणजे बेशुद्ध पडणे. ‘ग्रॅज्युएटेड’ लिहा.

या सगळ्यांहून धोकादायक शब्द दिसायला साधा आहे : ‘फॉरवर्ड’. आपण बैठक ‘पुढे ढकलली’ म्हणतो तेव्हा ती उशिरा होणार असते. इंग्रजीत ‘ब्रॉट फॉरवर्ड’ म्हणजे अलीकडे आणली. आणि ‘वेन्झडेज मीटिंग हॅज बीन मूव्ड फॉरवर्ड टू डेज’ या वाक्याचा अर्थ इंग्रजी मातृभाषा असलेल्यांतही काही जण सोमवार घेतात, काही शुक्रवार. बैठक हलवली तर नवा वार आणि नवी तारीख लिहा, बाकी काही नको.

‘वर्क्ड’, ‘वॉच्ड’ यांतल्या शेवटच्या ‘ईडी’चा उच्चार कसा करायचा?

इथे आपली वर्णमाला पुन्हा कामाला येते. क, च, ट, त, प या वर्गांतली पहिली दोन व्यंजने अघोष, म्हणजे म्हणताना घसा थरथरत नाही अशी; पुढची तीन घोष, म्हणजे थरथरतो अशी. श आणि स अघोष. य, र, ल, व आणि सगळे स्वर घोष. क्रियापदाचा शेवटचा उच्चार अघोष असेल तर ‘ईडी’चा ट होतो : ‘वर्क्ट’, ‘वॉच्ट’, ‘हेल्प्ट’, ‘वॉश्ट’. घोष असेल तर ड : ‘कॉल्ड’, ‘प्लेड’, ‘रॉब्ड’. शेवट ट किंवा ड असेल तरच वेगळा स्वर घालून ‘इड’ : ‘वॉन्टिड’, ‘नीडिड’. म्हणजे ‘वॉचेड’ आणि ‘हेल्पेड’ असे उच्चार अस्तित्वातच नाहीत.

अनेकवचनाचा एसही याच वाटेने जातो. अघोषानंतर स : ‘बुक्स’, ‘कप्स’. घोषानंतर झ : ‘डॉग्झ’, ‘पेन्झ’, ‘कीझ’. स, झ, श, च, ज यांनंतर ‘इझ’ : ‘बसिझ’, ‘मॅचिझ’. हा झ म्हणजे ‘झाड’मधला झ नव्हे. ‘जरा’, ‘जास्त’ यांतला ज म्हणताना जीभ वर टेकू दिली नाही, नुसती हवा घासत जाऊ दिली, की तो नेमका मिळतो.

‘व’चे दोन उच्चार कसे वेगळे करायचे?

व्हीच्या उच्चारासाठी वरचे दात खालच्या ओठावर टेकवा आणि गुणगुणा. ओठाला गुदगुल्या व्हायला हव्यात. डब्ल्यूसाठी दातांचा संबंधच नाही : ओठांचा चंबू करून ‘उ’ म्हणा आणि पुढच्या स्वरावर घसरा, जसे ‘उ-ऑटर’. मराठी व या दोहोंच्या मध्ये कुठेतरी पडतो, म्हणून कोणताच नीट बसत नाही.

मराठी लेखनात व्हीसाठी ‘व्ह’ लिहिण्याची पद्धत चांगली आहे : व्हॅन, व्हिडिओ. पण आपण ‘व्हाइट’, ‘व्हील’, ‘व्हॉट्सॲप’ही तसेच लिहितो, आणि तिथे रोमन लिपीत डब्ल्यू आहे. हे शब्द दात न लावता म्हणायचे.

परदेशात ‘पार्क’ म्हटले तर समोरच्याला ‘बार्क’ ऐकू येते. कान त्यांचे की जीभ आपली?

दोन्ही. शब्दाच्या सुरुवातीचे प, ट, क इंग्रजी माणूस हवेचा झोत सोडून म्हणतो. झोत नसलेला आपला प त्याच्या कानाला ब वाटतो. तोंडासमोर कागदाचा कपटा धरा; ‘पार्क’ म्हणताना तो हलला पाहिजे. मात्र स नंतर झोत नको : ‘स्पून’मधला प आपलाच.

न उच्चारायची अक्षरे ठेवलीच कशाला?

काही कधीकाळी उच्चारली जात होती, जसा सुरीसाठीच्या ‘नाइफ’मधला के. विल्यम कॅक्स्टनने १४७६ मध्ये इंग्लंडमध्ये छापखाना आणला, लेखन हळूहळू गोठत गेले आणि त्याच काळात उच्चार, विशेषतः दीर्घ स्वर, बदलत राहिले. काही अक्षरे विद्वानांनी घुसवली : कर्जासाठीच्या ‘डेट’मधला बी आणि ‘रिसीट’मधला पी हे लॅटिन मूळ दाखवण्यासाठी घातले गेले. ‘आयलंड’मधला एस तर निव्वळ गैरसमज, शब्द जुन्या इंग्रजीतला, पण लोकांना तो लॅटिनशी नाते सांगणारा वाटला. मराठीने १९६२च्या नियमांत अनुच्चारित अनुस्वार काढून टाकले. इंग्रजीला असे नियम करणारी संस्थाच नाही.

स्पेलिंग लक्षात ठेवायला उपयोगी गोष्ट : मुके अक्षर नातेवाईक शब्दात बोलू लागते. ‘साइन’मधला जी ‘सिग्नेचर’मध्ये ऐकू येतो, ‘ऑटम’मधला एन ‘ऑटम्नल’मध्ये. इंग्रजी बोलताना ‘प्लंबर’ आणि ‘बॉम्ब’ यांतला ब गिळायचा. मराठीत मात्र ‘बॉम्ब’ हा आता मराठी शब्द आहे, तो खुशाल ब-सकट म्हणा.

रोजचे कोणते शब्द परदेशात घोटाळा करतात?

अमेरिकेत ‘रबर’ मागू नका, ‘इरेझर’ मागा. तिकडे बोलीत ‘रबर’ म्हणजे निरोध. तिथला ‘फर्स्ट फ्लोअर’ हा आपला तळमजला. ‘झेरॉक्स’ हे कंपनीचे नाव, कामाला ‘फोटोकॉपी’ म्हणा. आणि ‘स्टेपनी’ हा शब्द वेल्समधल्या लानेल्ली गावच्या स्टेपनी स्ट्रीटवरून, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथे बनणाऱ्या जादा चाकामुळे आला. त्याच्या मायदेशातही आज ‘स्पेअर व्हील’च म्हणतात.

आकडे आणि तारखा लिहिताना काय सांभाळावे?

एक मिलियन म्हणजे दहा लाख, एक बिलियन म्हणजे शंभर कोटी, आपला एक अब्ज. ब्रिटनमधली जुनी कागदपत्रे वाचताना सावध राहा : तिथे पूर्वी बिलियन म्हणजे मिलियन मिलियन, आपले एक लाख कोटी, असे होते, सरकारने १९७४ मध्ये अमेरिकी मोजणी स्वीकारली. स्वल्पविरामही वेगळे पडतात : आपले १२,३४,५६७ तिकडे १,२३४,५६७ होते. करारात किंवा बिलात एकच पद्धत शेवटपर्यंत ठेवा.

०४/०७ ही आपल्याकडे आणि ब्रिटनमध्ये ४ जुलै, अमेरिकेत ७ एप्रिल. व्हिसाच्या अर्जात रकान्यावर लिहिलेला क्रम बघूनच भरा. मोकळ्या मजकुरात महिन्याचे नाव अक्षरांत लिहा. ब्रिटिश माणूस ‘हाफ सेव्हन’ला ये म्हणाला तर साडेसहाला नाही, साडेसातला जा.